दाराशी आलेला जीव आणि अंगणातील विष

जवळा बाजारच्या मोंढ्यात ज्यांची अडत आहे त्यांच्या गोदामात मांजर असतेच. ती कोणी विकत आणलेली नसते, कोणी मुद्दाम पाळलेलीही नसते. हळद, हरभरा, तूर, सोयाबीन यांच्या थप्प्या लागल्या की त्यांच्या मागोमाग उंदीर येतात आणि उंदरांच्या मागोमाग, एखाद्या पावसाळी रात्री, पत्र्याच्या फटीतून मांजर येते. जैन घरात उंदरांना विष घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर शिवारात नेऊन सोडण्याचे काम आमच्याकडे दिवाणजींचे. तो उंदीर आपल्याआधी पेढीवर परत पोहोचतो, असे ते दरवेळी सांगतात आणि आम्ही दरवेळी हसतो.

मांजरीविषयी मात्र घरात एक अवघडलेपण होते. श्वेतांबर परंपरेत श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ हे एक आहे. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा अर्थ सांगताना धनासाठी पोसल्या जाणाऱ्या प्राण्यांत मैना, पोपट, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्याबरोबर मांजराचाही उल्लेख केला आहे. आमचे घर दिगंबर. परंतु माझे सासरे दोन्ही परंपरांचे ग्रंथ आदराने वाचणारे. जी मांजर उंदीर मारून आपल्या मालाचे रक्षण करते, तिला दूध घालणे म्हणजे त्या हिंसेत भागीदारी करणे नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न असे. सासूबाईंचे उत्तर ठरलेले होते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ही आहे, उंबऱ्याशी येऊन बसलेल्या भुकेल्या जीवाला हाकलून देणे कोणत्या शास्त्रात बसते, ते आधी सांगा. हा वाद आमच्या घरात पंधरा वर्षे चालला आणि कधी मिटला नाही. दुधाची वाटी मात्र या पंधरा वर्षांत एक दिवसही चुकली नाही, आणि सासूबाई गावाला गेल्या की ती सासरेच ठेवत.

या काळात मांजरी तीन-चार झाल्या, पण नाव सगळ्यांचे एकच, मनी. शेवटची मनी मूळची पांढरीशुभ्र होती, हे सांगावे लागते, कारण फाल्गुनापासून वैशाखापर्यंत ती तशी कधी दिसलीच नाही. हळदीचा हंगाम सुरू झाला की ती पोत्यांच्या थप्पीवर झोपे आणि अंगभर पिवळी होऊन खाली उतरे. सौद्याला येणारे शेतकरी तिला ‘हळद लागलेली नवरी’ म्हणत. दिवसातून किती वेळा ती ते अंग चाटून स्वच्छ करी आणि पुन्हा जाऊन त्याच पोत्यांवर झोपे! त्या पिवळेपणाची आम्हांला इतकी सवय झाली होती, की तिच्या अंगावरचा रंग कशाचा आहे, हे पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे शुभकार्याची एक नवी रीत पडली आहे. पूर्वी दुकानाच्या मुहूर्ताला नारळ आणि झेंडूचा हार येई. आता चकचकीत कागदात बांधलेले पुष्पगुच्छ येतात. आमच्या धाकट्या दिरांनी कापडाचे नवे दालन उघडले ते अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. भगवान ऋषभदेवांना श्रेयांस राजाने इक्षुरसाचा आहार दिला तो हा दिवस, दानाचा आरंभदिवस. त्या सकाळी दालनात वीस-बावीस बुके आले. त्यांतला एक फारच देखणा होता. हाताच्या पंजाएवढी पांढरी-गुलाबी लिलीची फुले, मंद सुगंध, आणि प्रत्येक फुलातून बाहेर डोकावणारे गडद तांबूस परागकोश. टाकवेना म्हणून मीच तो पेढीवर आणला, पितळेच्या तांब्यात पाणी भरून गल्ल्याशेजारच्या टेबलावर ठेवला. दुपारी पेढीला कुलूप लावून आम्ही सारे शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांच्या दर्शनाला गेलो. मनी आत होती. उन्हाळ्यात ती दुपारभर आतच असे.

सूर्यास्तापूर्वी परतलो तेव्हा ती टेबलावर, तांब्याला अंग घासत बसलेली होती. दोन पाकळ्या खाली पडल्या होत्या, एका पानाचे टोक कुरतडलेले होते. तिच्या नाकावर आणि छातीवर तांबूस पूड होती. मी ती हळदच समजले.

रात्री तिला दोनदा उलटी झाली. मांजर गवत खाऊन ओकतेच, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी ती बारदानाच्या ढिगामागे पडून राहिली, पण दुपारनंतर उठली, पुन्हा पुन्हा माठाखालच्या ताटलीतले पाणी प्याली. आम्हांला वाटले, बरी झाली. तिसऱ्या दिवशी ती उठली नाही. तोंडाला विचित्र वास येत होता, लाळ गळत होती, आणि तिची दीड महिन्याची दोन पिल्ले तिच्या पोटाशी ढुशा देत ओरडत होती. तेव्हा कुठे गाडी काढून परभणीला पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासायला घेतले, पोट चाचपले आणि पहिलाच प्रश्न विचारला : घरात लिलीची फुले आणली होती का?

तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. सलाईन लावले, रात्रभर ठेवून घेतले. परंतु फार उशीर झाल्याचे त्यांनी आरंभीच स्पष्ट सांगितले होते. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितल्याची कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. सासूबाईंनी मनीच्या टोपलीशेजारी बसून तेच केले. सासरे दाराशी उभे होते. पंधरा वर्षांच्या वादात ते ज्या हिंसेविषयी बोलत होते तिचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. एवढेच म्हणाले, “विष आपण घातले नाही, पण ठेवले आपणच.”

त्या वाक्याने मला पुस्तकांकडे आणि पशुवैद्यांकडे वारंवार जायला लावले. पुढे जे लिहिते आहे ते त्यातून हाती लागलेले आहे.

एक नाव, अनेक फुले

सर्वांत मोठा घोटाळा नावाचा आहे. ‘लिली’ या एका शब्दाखाली आपण किमान पाच-सहा निरनिराळ्या वनस्पती ओळखतो आणि त्यांची विषे एकमेकांशी काडीचेही नाते सांगत नाहीत.

खरी लिली म्हणजे लिलियम कुळातील : बुकेमध्ये येणाऱ्या एशियाटिक आणि ओरिएंटल लिली, पांढरी ईस्टर लिली, ठिपक्यांची टायगर लिली. हिच्या जोडीला ‘डे लिली’ ही हेमेरोकॅलिस जातीची बागेतली लिली. या दोहोंचे पान, पाकळी, देठ, पराग, इतकेच काय, ज्या पाण्यात फुले ठेवली ते पाणीसुद्धा मांजरीला मारक ठरते. एखाद-दुसरे पान चघळणे किंवा अंगावर सांडलेले पराग चाटणे एवढे पुरते. पाश्चात्त्य पशुवैद्यकात या विषबाधेची नीट नोंद होऊ लागली ती १९९० च्या दशकाच्या आरंभी. त्यापूर्वी अशा मांजरी कशाने गेल्या हे बहुधा कळतच नसावे. आश्चर्य असे, की मूत्रपिंडाच्या पेशी मारणारा तो नेमका घटक कोणता, हे अजूनही निश्चित झालेले नाही. हीच लिली कुत्र्याने खाल्ली तर त्याचे पोट बिघडते, मूत्रपिंडे शाबूत राहतात. म्हणजे शेजाऱ्याच्या कुत्र्याला काही झाले नाही, हा मांजरीच्या बाबतीत पुरावा होऊ शकत नाही.

या विषाचा सर्वांत फसवा भाग त्याच्या कालक्रमात आहे. पहिल्या काही तासांत उलट्या आणि लाळ. मग उतार पडल्यासारखे वाटते. मग तहान आणि लघवी वाढते. आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडत जाऊन लघवीच थांबते. ज्या दुपारी आम्ही ‘मनी बरी झाली, पाणी पिते आहे’ असे म्हणत होतो, त्याच दुपारी ती हातची जात होती. खाल्ल्यापासून साधारण अठरा तासांच्या आत शिरेतून सलाईन सुरू होऊन ते दोन-तीन दिवस चालू राहिले, तर बहुतेक मांजरी वाचतात. लघवी बंद झाल्यानंतर वाचणे दुर्मीळ. पहिल्याच रात्री निघालो असतो तर हा लेख वेगळा झाला असता.

काही फुलवाले कपड्यांवर डाग पडू नयेत म्हणून लिलीचे परागकोश कापून टाकतात. त्याने डाग टळतात, विष टळत नाही. पाकळ्या आणि पाने तितकीच घातक राहतात.

आता दुसऱ्या लिली. बाजारात गड्ड्या बांधून येणाऱ्या, हारात आणि गजऱ्यात ओवल्या जाणाऱ्या लांबट पांढऱ्या कळ्यांनाही आपण लिलीच म्हणतो. ती स्पायडर लिली, हायमेनोकॅलिस. तिच्या कंदात उलटी आणणारे द्रव्य असते. मांजरीचे पोट बिघडेल, पण मूत्रपिंडांचा तो प्रकार होत नाही. कुंडीतली ‘पीस लिली’ आणि मोठ्या घंटेसारखी ‘कॅला लिली’ या अळूच्या कुळातल्या. अळूची भाजी चिंच कमी पडून घशाला खाजली, तर जे होते तेच त्यांच्या पानाने मांजरीच्या तोंडाला होते, कारण दोन्हींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तोंड सुजते, लाळ गळते, मांजर पंजाने तोंड खरवडते. त्रास बराच होतो, जीव क्वचितच जातो. आणि पावसाळ्यात शिवाराच्या कुंपणावर फुलणारी, नर्सरीत ‘ग्लोरी लिली’ म्हणून विकली जाणारी ती आपली कळलावी. तिच्यातले कोल्चिसीन हे पेशींची वाढच रोखणारे भयंकर विष आहे; तिचा कंद तर माणसालाही मारतो.

निशिगंधाचे दांडे याच बुकेत लिलीला खेटून उभे असतात. तो निरुपद्रवी आहे. गुलाब आणि जरबेराही. तेव्हा सगळेच फूल शत्रू मानण्याचे कारण नाही. फुलवाल्याला ‘लिली घालू नका’ एवढे सांगितले की बुकेचे नव्वद टक्के भय संपते.

गच्चीवरची झडती

मनी गेल्यानंतरच्या रविवारी मी आणि माझ्या पुतणीने आमच्या अंगणाची व गच्चीची झडती घेतली. पेढीचा वार्षिक स्टॉक मोजतात तशी, वही घेऊन. वहीत जे उतरले त्याने मी सुन्न झाले.

फाटकाशी कण्हेर होती, लाल आणि पांढरी. आपल्या भागात ती कोणाच्या दारात नाही? औंढ्याला नागनाथाच्या पूजेलाही तिची फुले जातात. महामार्गांच्या दुभाजकांत ती मैलोन्‌मैल लावलेली दिसते. गुरे आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, हा त्या निवडीमागचा एक मोठा लाभ. त्यांनी तोंड का लावू नये, याचा मात्र आपण विचार केलेला नसतो. कण्हेरीच्या प्रत्येक भागात हृदयाची लय बिघडवणारी द्रव्ये आहेत, आणि छाटलेली फांदी वाळली तरी ती जात नाहीत. तिच्या शेजारी पिवळ्या फुलांची बिट्टी, तिची चुलत बहीण. तिच्या फळातली बी विशेष विषारी. गच्चीवर पुतणीने हौसेने जोपासलेले फुगीर बुंध्याचे अडेनियम, हेही त्याच कुळातले. आफ्रिकेत त्याचा चीक बाणांच्या टोकांना लावीत असत. पुतणीने हे ऐकले आणि कुंडीवरचा हातच मागे घेतला.

पानफुटी होती. मुतखड्यावर म्हणून घराघरांत तिची पाने चावून खातात. तिच्यात आणि तिच्या कुळातल्या फुलझाडांतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत आणि लहान शरीराच्या मांजरीला ती पुरतात. दारापुढे शोभेला लावलेला, ताडासारखा दिसणारा सायकस होता; त्याच्या बिया यकृताचा नाश करतात. कोरफडीने जुलाब होतात, शेवंतीने उलट्या. आणि पायरीपायरीवर वेली सोडून बसलेला मनी प्लांट! ज्या मनीच्या नावाचा तो वाटतो तिच्याच तोंडाला तो सोलून काढतो. तोही अळूचाच सगासोयरा, आणि रुंद ठिपकेदार पानांचा डिफेनबाखियाही.

दुसऱ्या पानावर मोगरा, गुलाब, तुळस, कर्दळ, निशिगंध, अरेका पाम आणि स्पायडर प्लांट. यांच्यापासून भय नाही. हे पान लहान होते, पण रिकामे नव्हते.

एका गोष्टीचे मात्र समाधान वाटले. मांजरीला सर्वांत सहज होणाऱ्या विषबाधांपैकी एक कांदा-लसणाची आहे. त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये तिच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात आणि तिला पंडुरोग होतो. शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने ती जात नाहीत. ज्या घरात कांदा-लसूण येतच नाही, त्या घरातली मांजर या एका बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त राहिलेली आहे, आणि ते आपल्या कोणाच्या लक्षातही आलेले नाही.

मांजरच का बळी पडते, यालाही कारणे आहेत. शेळी चाखून सोडते. मांजरीला चाखावेही लागत नाही. तिच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. अंगावर जे पडेल, पराग, चीक, फवारलेले औषध, ते सारे त्या जिभेने पोटात जाते, थुंकून टाकता येत नाही. त्यातच तिच्या यकृताला, निव्वळ मांसावर जगत आलेल्या जातीचे असल्याने, अनेक वनस्पतिज द्रव्ये निकामी करण्याची ती रासायनिक सोय फारच तोकडी मिळालेली आहे जी माणसाला आणि कुत्र्याला आहे. म्हणूनच आपण तापाला घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. कोणी प्रेमाने अर्धी गोळी दुधात विरघळवून देऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आपल्या घरांत ती कौतुकाने सांगितली जाते. ‘आमची मनी तर शाकाहारी झाली, पाने खाते.’ मांजर पाने चघळते ती आहार म्हणून नव्हे. गवत कुरतडण्याची तिची जन्मजात ओढ आहे, आणि दूध-पोळीवर वाढलेली मांजरही ती ओढ सोडत नाही. शिवाय टॉरिन नावाचे एक द्रव्य तिला अन्नातूनच मिळावे लागते, ते वनस्पतींत जवळजवळ नसते. ते न मिळाल्यास तिची दृष्टी आणि हृदय दोन्ही खंगतात. आपल्या घरात तिच्यासाठी मांस येणार नाही, हे उघड आहे. बाहेर तिचे जे निसर्गाने चालते ते तिच्या पर्यायाचे आहे. तिला कोंडून ठेवून ‘व्रती’ बनविण्याचा हट्ट करणे मला तरी दयेचे वाटत नाही. याविषयी मतभेद असतील, त्यांचा मी आदर करते.

उपटावे की राखावे

झडती झाली, आता करायचे काय? एखाद्या दुसऱ्या घरात उत्तर सोपे असते : उपटा आणि फेका. आमच्याकडे तसे नव्हते. कण्हेर ही सासूबाईंच्या सासूबाईंनी लावलेली. झाडही एकेंद्रिय जीवच. एका जीवाला वाचविण्यासाठी दुसऱ्याला निष्कारण तोडणे हे अनर्थदंडातच मोडते, असे सासऱ्यांचे म्हणणे पडले. मग पुतणी म्हणाली, कुंड्या कोणाला देऊन टाकू. त्यावरही ते थबकले. अनर्थदंडाच्या प्रकारांत ‘हिंसादान’ आहे. शस्त्र, अग्नी, विष यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. अडेनियमची कुंडी न सांगता शेजारी दिली आणि त्यांच्या मांजरीने किंवा रांगत्या मुलाने तोंडात घातले, तर ते दान कोणत्या खात्यात लिहायचे?

उत्तर त्यांनीच शोधले, आणि मला ते शास्त्रालाही व्यवहारालाही धरून वाटले. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत ‘प्रमाद’ हा शब्द मुळाशी आहे. बेसावधपणाने केलेला प्राणघात. आणि मुनींच्या पाच समितींपैकी एक ‘आदाननिक्षेपण’, म्हणजे कोणतीही वस्तू उचलताना व ठेवताना पाहून, जपून ठेवणे. श्रावकाला ती मुनींइतकी पाळता येत नाही. पण कुंडी कोठे ठेवायची, एवढ्यापुरती तरी पाळता येते.

त्याप्रमाणे कण्हेर आणि बिट्टी जागेवरच राहिल्या. नवीन मात्र लावायच्या नाहीत असे ठरले. त्यांच्याभोवती बारीक जाळी बसवली आणि खाली पडलेली पाने-फुले रोज सकाळी झाडून एका खड्ड्यात पुरतो. छाटणी उकिरड्यावर टाकत नाही, कारण तेथे गुरे येतात, आणि जाळतही नाही, कारण कण्हेरीचा धूरही बाधतो. मनी प्लांट आणि डिफेनबाखिया छताला टांगले. मांजर चढते हे खरे. म्हणून टांगणीच्या आसपास उडी मारण्याजोगे टेबल-कपाट ठेवले नाही. अडेनियम आणि पानफुटीच्या कुंड्या गच्चीच्या जाळीबंद कोपऱ्यात गेल्या. सायकस एका परिचितांच्या शेतातल्या कुंपणाआड गेला, पण त्याच्या कुंडीला तो विषारी असल्याची चिठ्ठी बांधून आणि तोंडी सांगूनच. गुलाबांना घालतो त्या खतातून एरंडीची पेंड काढली आणि निंबोळीची आणली. एरंडीत रायसीन राहिलेले असू शकते आणि तिच्या वासाला प्राणी भुलतात.

सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र बंदीची नव्हती. मांजरीला गवत हवेच आहे, तर ते आपण द्यावे. पसरट कुंडीत मूठभर गहू किंवा जव पेरले की आठ दिवसांत बोटभर गवत येते आणि ती इतर कुंड्यांचा नाद बऱ्याच अंशी सोडते. येथे आपल्या मराठवाड्याच्या सवयीने कोणी ज्वारी पेरील, म्हणून सांगते : ज्वारी नको. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ती खाऊन गुरे दगावतात, हे आपले शेतकरी पुरते जाणून आहेत. बीही बाजारातून बियाणे म्हणून आलेले नको, त्याला औषध चोळलेले असते. घरच्या खाण्याच्या धान्यातलेच घ्यावे.

तरीही कधी संशय आलाच, तर तोंडात काही राहिले असल्यास काढावे, अंगावर पराग किंवा चीक असल्यास ओल्या फडक्याने पुसून तिला चाटू देऊ नये, आणि तत्काळ पशुवैद्य गाठावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे, तेल, तूप, दूध घालणे हे उपाय करू नयेत. मिठानेच दुसरी विषबाधा होते. झाडाची फांदी किंवा निदान मोबाइलवर छायाचित्र सोबत न्यावे, कारण उपचार झाडावर अवलंबून असतो. आपल्या भागाला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे. गावातल्या पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक मात्र आजच पेढीच्या भिंतीवर लिहून ठेवावा. आमच्याकडे तो हमाल, वाहतूकदार आणि बँकेच्या क्रमांकांच्या यादीत आता पहिला आहे.

मनीची दोन्ही पिल्ले जगली. सासऱ्यांनी पहिले तीन आठवडे रात्री उठून त्यांना पशुवैद्यांनी सांगितलेले दूध ड्रॉपरने पाजले. असतीपोषणाचा प्रश्न पुन्हा निघाला नाही, असे नाही. गेल्या पर्युषणात त्यांनीच तो काढला, मांडीवर एक पिल्लू झोपलेले असताना.

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला दालनाचे दुसरे वर्ष होते. निमंत्रणपत्रिकेत आम्ही छापले होते, पुष्पगुच्छ आणू नयेत. तरी तीन आलेच, आणि एकात लिली होती. दिवाणजींनी तो दारातच घेतला, पेढीकडे न नेता परसात नेऊन कागदासकट खोल पुरला. टेबलावर थोडे तांबूस पराग सांडले होते. ते त्यांनी ओल्या फडक्याने दोनदा पुसले, फडकेही खड्ड्यात टाकले, आणि मग थप्पीवरून उतरलेल्या पिवळ्या मांजरीला उचलून, तिच्या अंगावरची पूड बोटाला लावून, उजेडात नेऊन पाहिली. हळदच होती.